अर्धी परकी

कोपराच्या खळीतला कापसाचा बोळा अजून तसाच चिकटलेला होता. काल चिखलीच्या लॅबमधल्या मुलीने रक्त काढून तो लावला, वर चिकटपट्टी दाबली आणि पाच मिनिटं हात मुडपून धरा म्हणाली. नंतर सारिका तो काढायचं विसरूनच गेली. आता बसच्या खिडकीतून सकाळचं ऊन त्यावर पडलं होतं आणि मधला थेंब तपकिरी, जवळजवळ काळा दिसत होता. माझं रक्त, ती मनात म्हणाली, आणि लगेच अडखळली... कारण हे रक्त दिवसातून कितीतरी वेळा आईतून जाऊन येतं. उजव्या कुशीत खाली, टाक्यांच्या आत, आईचं मूत्रपिंड बसवलेलं आहे; तिथे ते गाळलं जातं, आणि मग परत माझ्या हाताशी, माझ्या डोक्याशी येतं. आई जाऊन आज एक वर्ष झालं. तरी येतं.

शेजारी रवी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. पिशवीत खिरीसाठी काजू-बदाम, सारिकाच्या बाबांसाठी पांढरी टोपी, आणि सगळ्यांत खाली रिपोर्टची फाईल. मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारा क्रिएटिनिनचा जो आकडा दोन वर्षं एक पॉइंट एकवर होता तो काल दोन पॉइंट तीन आला होता. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं की आईच्या वर्षाचा कार्यक्रम आटोपला की परवा उजाडताच निघा, आतला बारीक तुकडा काढून तपासावा लागेल, शरीर बहुतेक ते अंग नाकारायला लागलंय. आणि मग त्यांनी विचारलं होतं, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? तिने तोंड उघडायच्या आत रवी म्हणाला होता, हो सर, एकदम टायमावर.

त्याला काय माहीत. सकाळच्या गोळ्या ती त्याच्यासमोर घेत होती. संध्याकाळच्या, तो शाळेतून आल्यावर अंघोळीला जायचा तेव्हा, एकेक करून मोरीत सोडून देत होती. एक्केचाळीस दिवस.

मरायचं म्हणून नाही. कोणी विचारलं असतं तर तिने हे शपथेवर सांगितलं असतं... पण मग कशासाठी, हे सांगता आलं नसतं.

लग्नानंतर सात वर्षांत तीनदा दिवस राहिले होते, आणि तिन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेनाने दोन गोल काढून समजावलं होतं : गर्भ निम्मा आईचा असतो, निम्मा बापाचा, ते बापाचं निम्मं परकं असूनही आईचं शरीर एरवी सांभाळून घेतं, काही बायकांचं नाही घेत. तिसऱ्या वेळी रोज पोटात इंजेक्शनं घेतली, तरी नाही. त्यानंतर पायावर सूज आली, मग तोंडावर, आणि मग बुलढाण्याला आठवड्यातून दोनदा मशीनला लावून रक्त धुणं सुरू झालं. रवी लगेच म्हणाला, माझी किडनी घ्या. रक्तगट जुळत होता. पण त्याच्या पेशी तिच्या रक्तात घालून पाहिल्या तेव्हा त्या मेल्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले होते, तीन वेळा गर्भ राहिला ना, तेव्हा तुमच्या शरीराला तुमच्या मिस्टरांची ओळख झाली, त्यांच्याविरुद्ध ते तयार झालं, आणि ही ओळख ते आता विसरणार नाही.

सासूबाईंनी, भिमाबाईंनी, तेवढंच उचललं होतं. हिच्या रक्ताले माह्या पोराचं वावडं हाय, असं त्या शेजारणीला सांगत होत्या, रागाने नाही, एखादी खबर सांगावी तसं. आणि रवी त्या दिवशी खूप वेळ स्वतःच्या हाताकडे पाहत बसला होता.

पोरं आली तशी गेली. जाताना बापाची चुगली करून गेली... असं काहीतरी तिच्या मनात तेव्हा आलं होतं आणि ती स्वतःलाच भ्याली होती.

मग चांगुणा. आई. आईचं निम्मं जुळलं. निम्मंच जुळणार, डॉक्टर म्हणाले, आईचं निम्मं लेकीत उतरतं, उरलेलं निम्मं लेकीलाही परकंच. त्यासाठी गोळ्या, जन्मभर. ते उरलेलं निम्मं त्या वेळी तिने कानाआड टाकलं होतं. आई म्हणजे आई. पण गेल्या वर्षी हरभरा सोंगता सोंगता आईच्या डोक्यात रक्त उतरलं, बांधावर पडली ती उठलीच नाही, आणि तेव्हापासून सारिका त्या उरलेल्या निम्म्याचाच विचार करत होती. काय होतं त्यात? आई कधीकधी दोन-दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसायची, बोलायची नाही, ते? माझ्यात न उतरलेली चांगुणा कोण होती — आणि आता ती माझ्यात का आहे?

एक्केचाळीस दिवसांपूर्वीची गोष्ट. भांडी घासताना ती गुणगुणत होती. आपण गुणगुणतोय हे लक्षात आलं तेव्हा ती थांबली, आणि थांबल्यावर कळलं की ही चाल आपल्याला येतच नाही. भीमगीत नव्हे, वंदनेतलं नव्हे, सिनेमातलं नव्हे. लांबत जाणारी, मध्येच खाली पडणारी. तिने बाबांना फोन करून विचारलं, आई काम करताना काही म्हणायची का? पुंजाजी म्हणाले, कधी आयकलं नाही बापा मी. चाळीस वर्षांत नाही.

त्या संध्याकाळी तिने पहिली गोळी मोरीत सोडली. गोळ्या म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांना दिलेली गुंगी, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना? म्हणजे दोन वर्षं आईला मी चोरून आत ठेवलेलं आहे. पहारेकरी जागे झाले तर ओळखतील ना तिला? तिघांना नाही म्हटलं, नवऱ्याला नाही म्हटलं... हिला तरी हो म्हणेल हे शरीर, आपणहून, गुंगीवाचून? एवढं एकदा पाहायचं होतं. एवढंच.

देऊळघाटला बाबांच्या घरासमोर मांडव टाकला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, टेबलावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि शेजारी आईचा, आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला, त्यामुळे चेहरा थोडा पसरट, थोडा दुसऱ्याच कोणाचा वाटणारा. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. सगळ्यांबरोबर ती ओठ हलवत होती आणि कुशीत काहीतरी ऊन ऊन होत चाललं होतं. दुखत नव्हतं. चूल विझल्यावर तिच्यावर हात धरावा तसं. तिला वाटलं, आत कोणीतरी कान देऊन ऐकतंय, आणि जे ऐकतंय त्याला आपलं नाव मांडवातून ऐकू येतंय — चांगुणाबाईंच्या स्मृतीस — आणि ते दचकलंय.

पंगत उठल्यावर बाबा तिला मागच्या अंगणात, हौदापाशी घेऊन गेले. गेलं वर्षभर ते फोनवर एकच विचारत आले होते आणि आताही तेच विचारलं, तिच्या तोंडाकडे न पाहता, तिच्या उजव्या कुशीकडे पाहून.

"कशी हाय?"

दर वेळी ती बरी आहे म्हणायची, आणि दर वेळी तिला कळायचं नाही की आपण कोणाबद्दल सांगितलं. आज ती म्हणाली, "रिपोर्ट बिघडला बाबा. उद्या संभाजीनगरले जाऊन राह्यलो." आणि मग, तसं ठरवलेलं नसताना, "मीच बिघडवला. मी संध्याकाळच्या गोळ्या घेत नव्हती."

ते रागावतील असं तिला वाटलं. पुंजाजी हौदाच्या काठावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. 

"तुले समजलं होतं काय?"

"काय?"

"तिच्या मनात नव्हतं ते."

मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत, पाण्याकडे पाहत. ऑपरेशनच्या आधी दहा दिवस चांगुणा घरातून निघून गेली होती. कोणाला न सांगता जानेफळला बहिणीकडे. पुंजाजी तिला आणायला गेले तेव्हा ती भर दुपारी डोक्यावरून गोधडी घेऊन पडली होती. म्हणाली, पोट फाडतील, मी मरीन, मले नाही द्याची. त्यांनी समजावलं. ती नाहीच म्हणाली. तेव्हा ते म्हणाले की पोरगी मेली तर मला तोंड दाखवू नको. मग ती उठली. एसटीत चिखलीपर्यंत एक शब्द बोलली नाही. दवाखान्यात कॅमेऱ्यासमोर स्वखुशीने देते म्हणायचं होतं, ते त्यांनी तिच्याकडून चारदा म्हणवून घेतलं, शाळेतल्या पोराकडून पाढा घ्यावा तसं.

सारिका उभीच होती. तिला दवाखान्यातली आई आठवत होती, ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तिच्या केसांची वेणी घालणारी. हात कापत होते आणि सारिकाला वाटलं होतं, एसीची थंडी सोसत नसेल. कोणत्या बाजूची काढतात, हे आईने नर्सला तीनदा विचारलं होतं. तीनदा. आणि आपण हसलो होतो.

"शेवटी डॉक्टरनं मले भाईर काढलं," पुंजाजी म्हणाले. "दार लावून तिले एकटीले इचारलं. नाही म्हणाची असन त सांग बाई, आम्ही दुसरंच काही कारण दाखवतो, घरच्यायले कळू देत नाही, असं सांगतात म्हणे ते. तिथं ते काय बोलली, मले तिनं मरेस्तोवर सांगतलं नाही."

 टोपी गुडघ्यावरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. सारिकाने उचलून, झटकून त्यांच्या हातात दिली.

रवीला तिने गोळ्यांचं मांडवाच्या कडेला उभं राहून सांगितलं, एका वाक्यात.  तो फोन घेऊन रस्त्यावर गेला आणि डॉक्टरांना जसंच्या तसं सांगून आला. उद्या नाही, आत्ता निघायला सांगितलं होतं. गावातल्याच एकाची गाडी मिळाली. बाबा गाडीपर्यंत आले, दार लावलं, आणि या खेपेला काही विचारलं नाही.

चिखली मागे पडली, जालन्याचा रस्ता लागला. दोन्हीकडे सोंगलेल्या हरभऱ्याची उघडी वावरं. रवी पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून बसला होता; माझं रक्त याच्या विरुद्ध आहे, कायमचं, आणि हा बाटली धरून बसलाय, दर थोड्या वेळाने झाकण उघडून पुढे करतोय. अंगात कसकस वाढत होती. आत काय चाललं असेल ते तिला दिसू लागलं होतं, नको असताना : जागे झालेले ते पहारेकरी, एकेकाचं तोंड पाहत येणारे, आणि त्यांच्या वाटेत ती.

एक्केचाळीस दिवस मी एकच विचारत राहिले, माझी आहेस ना? आणि ती... त्या बंद दाराच्या खोलीत, टेबलाच्या पलीकडे डॉक्टर, बाहेर बाबा, नाही म्हणायची मोकळीक पहिल्यांदाच समोर ठेवलेली. काय म्हणाली असेल? हो म्हणाली असेल, की नुसतीच गप्प बसली असेल, भिंतीकडे पाहत, आणि त्यांनी तो होकार धरला असेल? हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. सारिकाला एवढंच कळत होतं की त्या खोलीत बसलेल्या बाईला ती ओळखत नव्हती. ती बाई आई नव्हती, निदान निम्मी तरी नव्हती. तिला मरायची भीती वाटत होती.

गाडी खड्ड्यातून गेली आणि कुशीत कळ उठली. तिचा हात आपोआप तिथे गेला, दाबायला. पण दाबायच्या आधीच तिने तो उचलला आणि मांडीवर ठेवला. आत एक भ्यालेली परकी बाई बसली होती. तिला हो की नाही, हे विचारायचं सारिकाच्या मनातून गेलं होतं. ऊन तिरपं झालं होतं, रस्ता संपत नव्हता, आणि ती बाई अजून उठून गेलेली नव्हती. अजून तरी.