मातेच्या आगीत काय होतं

मोहाच्या झाडाखाली अख्खं गाव लोटलं होतं. बाहेरून आलेल्या महाराजांनी वाळक्या पाल्यावर मूठभर अंगारा टाकला, त्यावर वाटीतलं तूप ओतलं आणि डोळे मिटले. ना काडी, ना चकमक. थोड्या वेळाने धूर निघाला आणि भपकन जाळ उठला. बायांनी हात जोडले.

"माता भूखी है," महाराज गरजले. "तुम्ही जंगल जाळणं बंद केलं, तिच्या तोंडचा घास काढला. जाळा, नाही त ती गाव जाळंन!"

भावनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि ग्रामसभेच्या वन समितीचं काम बघायची. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायचा, ही गावाची जुनी खोड. ती आग पुढे जंगलभर पसरायची. ग्रामसभेने ती बंद केली. बाया पाला झाडून घेऊ लागल्या, गुरांना चराईचा भाग वेगळा ठेवला, आणि बीजा-धावड्याची रोपं कंबरेला लागली. विडीसाठी तेंदूची पानं उचलणाऱ्या ठेकेदाराला मात्र आग हवी होती, कारण जळल्या जागी तेंदूला कोवळी पानं फुटतात. महाराज त्याच्याच जीपमधून उतरले होते. लाज म्हणून नाही या लोकांना.

सरपंच श्यामराव उठले. "उद्या सकाळीच पेटवून टाकू. मातेसंग वैर कोण घेईल?"

"थांबा, भाऊ. मले एकदा करू द्या," भावना म्हणाली. शेजारच्या गावातला हाच चमत्कार तिच्या कानावर आला होता, म्हणून ती तयारीने आली होती. तिने पुडी उघडून जांभळे खडे पाल्यावर टाकले. "गिरजाबाई, ओळखलं का?"

"हे त विहिरीत टाकतेत ते लाल दवाई," गिरजाबाई म्हणाली.

"अन् हे ग्लिसरीन, महाराजांच्या वाटीतलं तूप म्हंजे हेच. साकोलीच्या मेडिकलातून आणलं, फुटल्या ओठाले लावतो ते." तिने बाटली ओतली. धूर निघाला, मग जाळ. "आता माह्यापुढं नारळ फोडता काय?"

"अंगारा अलग है, बेटी," महाराज पुटपुटले.

"अलग हाय त पाहू," म्हणत गिरजाबाईने त्यांच्या पुढ्यातली अंगाऱ्याची पुडी उचलून पाण्याच्या लोट्यात उपडी केली. पाणी जांभळं झालं, विहिरीत दवाई टाकल्यावर होतं तस्संच. महाराज जीपकडे निघाले.

श्यामराव खाली मान घालून उभे होते. भावनाचा राग आता त्यांच्यावर होता.

"भाऊ, हे दोन्ही एकत्र आले का आपोआप तापते अन् पेटते. मातेचा त्यात हात नाही. पण उद्या जंगलात काडी आपणच लावणार होतो. मंग सरपण, मोह, गुरांचा चारा द्यायले हे महाराज येणार होते काय? कोणी चमत्कार दाखवला त हात जोडाच्या आधी दोन गोष्टी विचारा. यात टाकलं काय? अन् आपण ऐकलं त फायदा कोणाचा?"