फ्रिजच्या मागचं पान

बाबांनी फ्रिज ओढून पुढे घेतला, बहिणीच्या हातात ब्रश दिला आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

पण हे झालंच नाही. फ्रिज आपोआप सरकला, ब्रश आत्याला सापडला आणि बाबांच्या डोळ्यांत रंगाचा वास गेला, असं घरात एकमताने ठरलेलं आहे. तेव्हा वाचकांनीही वरचं वाक्य विसरावं.

खरी सुरुवात भिंतीपासून होते. भिंगरीचे बाबा नकाशे काढण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी आखून झाल्यावर त्यांनी स्वतःचं घराणं आखायला घेतलं. कागद पुरेना, म्हणून घराणं हॉलच्या भिंतीवर चढलं. मूळ पुरुष थेट छताला टेकलेले. पंखा लावला की ते दिसेनासे होत. पणजोबा नेमके स्विचबोर्डावर आले होते, त्यामुळे दिवा लावायचा म्हणजे पणजोबांच्या पोटात बोट घालावं लागे. फांदीफांदीवर पुरुषांची नावं, नकाशावरच्या शहरांसारखी ठसठशीत. आणि मुलींसाठी पानं. हिरवीगार, शिरा काढलेली, सुबक पानं. नाव मात्र एकावरही नाही.

"मुली परक्या घरी जातात. नावं कुठे लिहीत बसू?" बाबा म्हणायचे. "पण पान काढलंय ना? काय हिरवा रंग साधलाय बघ!"

भिंगरी स्वतः फ्रिजच्या मागचं पान होती. तिच्या जरा वर, जिथे फ्रिजची गरम हवा लागते, तिथे आत्या होती. म्हणजे आत्याचं पान होतं. खुद्द आत्या भिंत रंगवली त्याच दिवशी, "माझं नाव कुठाय रे?" असं विचारून आणि "तुझ्या सासरच्या भिंतीवर बघ" असं उत्तर ऐकून जी निघाली, ती परत फिरकली नव्हती. सासरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं.

भिंगरी कवळ्या बनवायची. दिवसभर लोकांचे जबडे साच्यात ओतायचे आणि संध्याकाळी घरी येऊन बाबांचा जबडा चालताना ऐकायचा, असा तिचा दिनक्रम. आता तर आत्या शाळेची बस चालवण्याची नोकरी सोडून, लेकीकडे लांबच्या शहरात कायमची राहायला निघाली होती. येत्या रविवारी. एकदा ती गेली की भावाबहिणीचं बोलणं संपलं ते संपलंच, हे भिंगरीला कळत होतं. तिने बाबांना तीनतीनदा सांगून पाहिलं. बाबा दर वेळी म्हणाले, "तिने यावं. दार उघडंच आहे." दाराला आतून कडी होती.

अशा मोक्याच्या वेळी बाबांचा डीएनए आला.

गालात काडी फिरवून त्यांनी तो एका प्रयोगशाळेकडे मुद्दाम पाठवला होता. पूर्वज राजे निघतील, निदान सेनापती तरी, अशी खात्री होती. भिंगरीने मोबाइलवर अहवाल वाचला.

"वडिलांकडची रेषा. अतिशय सर्वसाधारण. तुमच्या प्रदेशात सगळीकडे आढळते."

"मशीन बिघडलंय," बाबा म्हणाले.

"आईकडची रेषा. अत्यंत दुर्मिळ. माणूस नुकताच शेती करायला लागला होता, त्या आठ हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्यांमध्ये सापडलेल्या काही हाडांत हीच शाखा मिळाली आहे."

"मशीन उत्तम आहे!"

दुसऱ्या दिवशी भिंगरी कामावरून आली, तर बाबा शिडीवर. मूळ पुरुषांपासून थेट धाकट्या नातवापर्यंत एकेका नावाला सोनेरी कडा चढत होती.

"बाबा, हे काय?"

"दुर्मिळ रक्त! आठ हजार वर्षांचं! जगातली पहिली शेती आपल्या घराण्याने केली."

"बाबा, खाली उतरा. ही रेषा आईकडून येते. फक्त आईकडून. तुम्हाला ती आजीने दिली. तुमच्या वडिलांचा, आजोबांचा, त्या पंख्यामागच्या मूळ पुरुषांचा हिच्याशी काडीचा संबंध नाही."

"बरं. मग माझ्यापासून खाली तरी—"

"खाली पण नाही. पुरुषाकडून ती पुढे जात नाही. दादाकडे आहे ती आईची. माझ्याकडे आहे ती आईची."

"माझी कुठली निघाली?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"तुझी तपासलीच नाही," बाबा म्हणाले.

"नाहीच तपासणार," आई म्हणाली आणि कुकरचं झाकण नको इतक्या जोरात लावलं.

बाबा शिडीवर बसून राहिले. भिंतभर सोनं सांडलं होतं आणि त्यातलं फक्त त्यांच्या एकट्याच्या नावाचं खरं होतं. खऱ्या सोन्याच्या मानकरी दोघीच. आजी, जी परक्या घरून आली म्हणून झाडावरच नव्हती. आणि आत्या, जी परक्या घरी गेली म्हणून फ्रिजमागे होती. तिच्याकडून तिच्या लेकीकडे. बस्स. आठ हजार वर्षांचा धागा येत्या रविवारी सामान बांधून गाव सोडणार होता!

तेवढ्यात प्रयोगशाळेतून फोन आला. कोणी संशोधक बाई होत्या. दुर्मिळ शाखा म्हणून त्यांना माग काढायचा होता. बाबांनी ऐटीत फोन स्पीकरवर टाकला.

"काका, तुमच्या आईचं नाव?"

बाबांनी सांगितलं.

"त्यांच्या आईचं?"

"आजी."

"नाव हवं होतं."

"आजीच म्हणायचो आम्ही."

"बरं, त्यांचं गाव?"

"आजीचं गाव."

बाई म्हणाल्या, "काका, आठ हजार वर्षांपूर्वीचं आमच्याकडे थोडंफार आहे. अलीकडचं थोडंसं तुम्ही दिलंत तर बरं होईल."

बाबांनी फोनवर हात ठेवला. "भिंगरे, आजीचं नाव काय गं?"

"तुमच्या आजीचं नाव मला कसं माहीत असणार?"

"तुम्हा बायकांना असलं माहीत असतं."

भिंगरीने डोळे मिटले. दातांवर दात आवळू नयेत, त्याने ते झिजतात, हे तिला व्यवसायामुळे माहीत होतं. तरी तिने आवळले. "हो. आत्याला माहीत असेल. चप्पल घाला."

आत्या डेपोत बस धूत होती. पिवळ्या बसवर पाइपने पाणी मारताना तिने भावाला पाहिलं आणि पाइप अजिबात बाजूला केला नाही.

"काय रे, रस्ता चुकलास?"

"आजीचं नाव हवंय," बाबा ओल्या विजारीसकट म्हणाले. "आईच्या आईचं."

"कशाला?"

भिंगरीने सगळं सांगितलं. दुर्मिळ शाखा, जुनी हाडं, सोनेरी कडा. आत्याने पाणी बंद केलं आणि ती बसच्या पायरीवर बसली. आधी हसली, मग तिचं हसणं हळूहळू आटलं.

"म्हणजे आठ हजार वर्षांपूर्वीची बाई तुला चालते. का नाही चालणार? ती नाव लिही म्हणत नाही, जेवायला येत नाही, उलट बोलत नाही. सख्खी बहीण चार गल्ल्या पलीकडे राहते, ती मात्र फ्रिजच्या मागे!"

"तसं नव्हतं गं ते..."

"मग कसं होतं? आणि तिने शेती केली यात तुझं काय कर्तृत्व? तू गच्चीतली तुळस जगवली नाहीस. असे धागे प्रत्येकाला हजारो असतात. एक दुर्मिळ निघाला म्हणून तू दुर्मिळ होत नाहीस. धागा सोन्याचा नसतो रे, तो पुढे देणारी बाई असते. तिला विसरलास की हातात राहते ती गालातली थुंकी!"

बाबांनी खाली पाहिलं. चपलांतून पाणी निथळत होतं.

"आजीचं नाव मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "आई झोपवताना सांगायची. आजी दर सुगीला सगळ्यात टपोरी कणसं बियाण्याला बाजूला काढायची. घरात उपास पडला तरी त्याला हात लावू द्यायची नाही."

"आणि तिच्या आईचं नाव?" बाबांनी विचारलं. आता ते फोनवाल्या बाईंसाठी विचारत नव्हते.

"तेही मी आईला विचारलं होतं. तिलाही माहीत नव्हतं. आईचे आजोबा तिला 'अगं' म्हणायचे, म्हणून सगळं घरच 'अगं' म्हणायचं. ती वारली तेव्हा दाखल्यावर काय लिहायचं यावरून अडलं होतं म्हणे."

अगं! आठ हजार वर्षं जो धागा दुष्काळांत तुटला नाही, साथींत तुटला नाही, तो तिसऱ्याच पायरीवर हरवला होता. कारण काय, तर कुणी विचारलं नाही!

बाबांचे ओठ हलत होते. भिंगरीला आधी वाटलं, ते नवा बचाव जुळवतायत. पण ते पुटपुटत होते. "मीही हिला 'अगं'च म्हणतो." मग त्यांनी मान वर केली. "घरी चल. तुझं नाव मी लिहितो."

"तू नाही. मी लिहिणार. माझ्या हाताने. आणि फ्रिज तू सरकवायचास, एकट्याने."

घरात पाऊल टाकल्या टाकल्या बाबांनी आईला नावाने हाक मारली. आई बाहेर आलीच नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा ती पदराला हात पुसत आली आणि दाराकडे बघून म्हणाली, "कोण आलंय? कुणाला बोलावताय?"

"तुलाच," बाबा म्हणाले. "तुझ्या आईचं नाव मला माहीत आहे. तिच्या आईचं सांग."

आईने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग ती भिंतीला टेकली, नेमकी पणजोबांवर, त्यामुळे दिवा लागला. आणि तिने एक नाव सांगितलं. तिच्या तोंडून ते नाव या घरात पहिल्यांदाच निघालं होतं.

त्यानंतर फ्रिज आपोआप सरकला. आत्याने स्वतःचं नाव लिहिलं, जरा वाकडं, पण भिंतीवरच्या कुठल्याही पुरुषापेक्षा मोठं. मग आपल्या आईचं लिहिलं, मग आजीचं. भिंगरीने आपलं लिहिलं. पुरुषांच्या सोनेरी कडा बाबांनी स्वतः खरवडल्या. मूळ पुरुषांपर्यंत हात पोचेना, म्हणून ते तेवढे फुकटचे चमकत राहिले. पंखा लावला की दिसत नाहीत.

आत्या रविवारी गेलीच. तिकीट काढलेलं होतं. पण निरोपाला बाबा स्टेशनवर गेले, आणि आता रोज फोनवर दोघं भांडतात. रोज!

वाचकहो, आपण सगळेच शहाणे आहोत, घराण्याचा अभिमान आपल्यालाही आहे. म्हणून एवढंच करा. आज घरातल्या सगळ्यात वयस्क बाईजवळ बसा आणि तिला तिच्या आईचं, आजीचं नाव विचारा. रक्तात काय आहे ते मशीन सांगेल. नाव कोणतंच मशीन सांगत नाही. ते जिवंत माणसाला, तो जिवंत आहे तोवरच विचारावं लागतं.

भिंतीवर एक पान अजून रिकामं आहे. त्याखाली बाबांनी नकाशावरच्या अक्षरांत लिहिलंय:

"जाहीर विनंती. उपरोक्त घरातील कै. 'अगं', तसेच त्यांच्या मातोश्री, त्यांच्या मातोश्री, व याच क्रमाने मागे जाऊन ज्यांनी जमिनीत पहिले बी पेरले त्या आद्य बाई, या सर्वांनी आपल्या सोयीने कार्यालयीन वेळेत समक्ष उपस्थित राहून आपापले पूर्ण नाव स्वहस्ते नोंदवावे, ही नम्र विनंती. ब्रश फ्रिजवर ठेवला आहे. विलंबाबद्दल अर्जदार आपली माफी मागत आहे."