शिट्टी कुठून येते

लाल बटण, मटाराच्या दाण्याएवढं, अंगठ्याखाली ओलं झालेलं... कानात आवाज आला की दाबायचं, एवढंच. कारखान्यातल्या धडधडत्या हॅमरवर एकवीस वर्षं लोखंड ठोकलेल्या माणसाची परीक्षा कसली, तर काचेच्या खोक्यात बसून बटण दाबायची. नापास झाला की हॅमर सुटणार, स्टोअरला बसून नटबोल्ट निवडायचे – मग उस्ताद म्हणून हाक कोण मारणार? पण तो कधी नापास झालाच नव्हता. दरवर्षी कान तपासायला येणारा गडी आवाज सोडताना डावा खांदा उडवायचा. खांदा उडाला की उस्तादाचा अंगठा खाली. गेल्या साली कान इतके उत्तम निघाले, की साहेबांनी सगळ्या खात्यासमोर पाठ थोपटली.

या वर्षी बाई आल्या होत्या, आणि बाईंनी काचेला पडदा ओढला होता.

असू दे. आलीच की शिट्टी – बारीक, तारेसारखी. दाबलं. अजून आहे... दाबलं. ओळखीचीच ही, खात्यात हवेची लाइन गळते तिची. फिटरला तीनदा वॉल्व्ह बदलायला लावले, शेवटी तो वैतागून म्हणाला, "उस्ताद, पाइप मुका आहे हो, तुम्हालाच काहीतरी होतंय." घरीही यायची, तेव्हा बायकोला म्हणायचा, नळ नीट बंद कर. पण इथे नळ...

बाई आत आल्या. त्याचा हेडफोन काढून कानाशी वाकल्या. "काका, मशीन अजून सुरूच केलं नाहीये मी. बावीस वेळा दाबलंत."

"हात सरावलाय," तो हसला.

"काही लिहिलं नाही अजून. पुन्हा करू या."

त्या गेल्या, पडदा अर्धाच ओढला गेला. फटीतून बाकावर जावई दिसला, पुढचा नंबर त्याचा. तीन वर्षांपूर्वी उस्तादाच्याच हॅमरवर तो पहिल्या दिवशी कानात फोमचे बोळे घालून उभा राहिला होता, आणि उस्तादाने स्वतः दोन बोटांनी ते उपसून काढले होते – "जावईबापू, कानात बोळे घालायला बाळंतीण आहात की काय?" सगळं खातं हसलं. तोही हसला. नंतर कधी घातले नाहीत.

आता तो तिथून काहीतरी विचारत होता. नुसते ओठ हलले. उस्तादाने सवयीने मान डोलावली. कशाला हो म्हटलं?

दार लागलं. अंगठा बटणावरून उचलून तो बसून राहिला. परीक्षा सुरू झाली असेल, नसेल... परवा भाकरी वाढताना मुलगी म्हणाली होती, "हल्ली हे माझ्या सगळ्याला नुसतं हो-हो म्हणतात, बाबा," आणि तो म्हणाला होता, नशीबवान आहेस. तिचा तो आवाज, त्यातली न हसलेली जागा, इतकी स्वच्छ ऐकू आली, की त्याने घाबरून डोळे मिटून घेतले.