भोकराच्या झाडाखाली

माझ्याकडे शिकायचं तर माझ्याच क्रमानं, हा माझा हट्ट. आधी जागा, मग दिशा, मग हालचाल. दहिवलीत एकतीस वर्षं मी इंग्रजीचे हे बारीकसारीक शब्द असेच शिकवले. एक डबा, एक लिंबू. लिंबू डब्यात, ‘इन’. डब्यावर, ‘ऑन’. एक पक्कं झाल्याशिवाय दुसरं नाही.

निवृत्त झाल्यावर वनिता शिकायला आली. खालापूर रस्त्यावरच्या एका फार्महाऊसची ती राखण करायची. जमीन पूर्वी तिच्या सासरचीच, दिरांनी विकलेली. नवी मालकीण चेन्नईची, मराठी-हिंदीचा गंध नसलेली.

“बाई, मालकीण पुढच्या शुक्रवारी येनार हाय. मला एकच वाक्य शिकवा. झाडाखाली...”

“मॅनेजर आहे ना? त्याला सांग.”

“किशोरला दोनदा सांगितलं. सांगतो म्हनतो, सांगत नाय.”

“उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आधी डब्याकडे बघ.”

काय सांगायचंय, हे मी विचारलंसुद्धा नाही. सहा दिवस ती ‘इन’ आणि ‘ऑन’मध्ये अडकली. “आय अ‍ॅम इन द टेबल” म्हणाली तेव्हा मी खो खो हसले, तीही हसली. जाताना रोज विचारायची, “बाई, खालीचं कधी?” मी म्हणायची, “त्याची पाळी आली की.”

बुधवारी ती आली नाही. गुरुवारीही नाही. मला राग आला. शुक्रवारी सकाळी तिला चार शब्द सुनवायचे म्हणून रिक्षा करून मी फार्महाऊसवर गेले.

मागच्या अंगणात जेसीबी उभा होता. पोहण्याच्या तलावासाठी मोठा खड्डा खणलेला, आणि कडेला भोकराचं जुनं झाड मुळांसकट आडवं पडलेलं. मातीच्या ढिगाऱ्यापाशी वनिता तांदळाची चाळण घेऊन बसली होती. मूठ मूठ माती चाळत होती.

“हे काय गं?”

“माजी पोर हितं होती, बाई. अकरा दिसांची. बारसंपन नव्हतं झालं.” ती चाळतच राहिली. “बावीस वरसं दर दिवाळीला पनती लावली. हितं सोडून कुठंबी खना, येवढंच सांगायचं होतं. बुधवारीच मशीन आली.”

मी तिथंच मातीत बसले.

तेवढ्यात गाडी आली. मालकीण उतरली, सरळ आमच्याकडे आली आणि ही बाई काय शोधतेय असं तिनं मला इंग्रजीत विचारलं. मी तोंड उघडण्याआधी वनिता उठली. तिनं मातीचे हात पदराला पुसले.

“माय डॉटर,” ती म्हणाली. “अंडर द ट्री.”

तो शब्द मी तिला शिकवला नव्हता. कुणाला तरी विचारून तिनं पाठ केला होता.

बाकीचं मी सांगितलं. मालकिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तलाव पलीकडे घेता आला असता, ती म्हणाली, सहज घेता आला असता. “मला कुणी आधी का नाही सांगितलं?”

तिनं ते मला विचारलं होतं. वनितानं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं पुन्हा चाळण उचलली.