चुलीवर टांगलेली बस

मी जुनी खेळणी जमवतो. "आमच्या घरात कुणी सिगारेट ओढत नाय," अशी शपथ घेऊन कल्याणच्या एकानं मला पत्र्याची बस विकली. खोटारडा! गावी, शेणव्याला आणून खोकं उघडलं तर सिगारेटचा नुसता भपकारा. साबणानं धुतली, आठ दिवस कोळशांत ठेवली, तरी वास जाईना.

आज कामावरून आलो तर बस चुलीवर, बियाण्याच्या कणसांशेजारी टांगलेली. पार काळवंडलेली!

"आये, हे काय केलंस गो?"

"धूर दिला की बियाण्याचा कुबट वास जातो. तशीच टांगली."

"अगो, धुराचाच तर वास घालवायचा होता!"

आई उसळली. "तो परक्याचा धूर. हा आपला हाय. याच धुरात शिजलेलं खाऊन मोठा झालास, तवा नाय रे वास आला?"