चौदाच का?

आज फक्त बटण कुठलं दाबायचं तेवढंच शिकवायचं, असं पद्मजानं आमोदकडून सकाळीच कबूल करून घेतलं होतं. नारायण पेठेतला त्यांचा शेअर ट्रेडिंगचा क्लास म्हणजे भाड्याची खोली, एक पडदा आणि उरलेसुरले पाच विद्यार्थी. ही बॅच टिकली नाही तर क्लासला कुलूप, आणि त्यापायी बँकेतली चांगली नोकरी सोडून बसलेला नवरा दिवसभर घरात. पण ह्या माणसाला काही शिकवायला सांगा, आधी त्याची जन्मकथा ऐकवणार!

"ही आरएसआयची रेघ," आमोदनं पडद्यावर बोट ठेवलं. "भाव फार ताणला गेलाय का, ते मागचे चौदा दिवस बघून सांगते."

"चौदाच का, सर?" निकितानं विचारलं. धायरीहून येणारी ही मुलगी उद्या आयटीतल्या नोकरीचा राजीनामा देणार होती, पूर्णवेळ ट्रेडिंग करायला.

पद्मजानं मागून डोळे वटारले. पण साहेबांची कळी खुललेली. झालं!

"एक अमेरिकन इंजिनिअर होता. यंत्रं सोडून जमिनीच्या धंद्यात शिरला, तिथून बाजारात. सत्तरच्या दशकात त्यानं हे काढलं. चंद्राचं चक्र अठ्ठावीस दिवसांचं, त्याचं निम्मं चौदा, असं म्हणतात. आणि भाव बघायची एक जपानी पद्धत आहे, तिच्यातला सव्वीस? तिकडं तेव्हा शनिवारीही कामं चालायची, म्हणून महिन्याचे दिवस सव्वीस. आता शनिवारी सुट्टी, आकडा तोच!"

"अरे, बटण दाखव ना!" पद्मजा ओरडलीच. कोण ऐकतंय?

निकितानं लॅपटॉप मिटला. "सर, मी ह्याच्या भरवशावर रिझाइन करणार होते. चंद्राचं निम्मं करून?" ती उठली. "थँक यू. अगदी मनापासून."

ती गेली. बाकीचेही 'विचार करून सांगतो' म्हणत एकेक करून सटकले.

पद्मजाचं डोकंच फिरलं. "झालं समाधान? स्वतःची गिऱ्हाइकं स्वतःच हाकलणारा मास्तर पुण्यातच सापडायचा!"

"तिनं विचारलं, मी सांगितलं. थापा मारू?"

"नको, मुळीच नको! पण तू राजीनामा दिलास तेव्हा कुठं गेलं होतं हे शहाणपण? तेव्हा ठाऊक नव्हतं तुला?"

आमोद पडदा गुंडाळता गुंडाळता थांबला.

"नव्हतं," तो म्हणाला. "मी कुणाला विचारलंच नाही गं."