नागपूर स्टेशनावरची भेट

मी कळंबच्या अब्दुल गनीच्या दुकानातला हिरो बोलतोय. म्हणजे हिरोचं पोस्टर. हिरोचं नाव विचारू नका, उगाच खरं-खोटं करत बसाल. यवतमाळच्या बाजारातून गनीने मला गुंडाळून आणलं आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या त्याच्या दुकानात चिकटवलं, त्याला तीस वर्षं झाली. केस उडताहेत, छाती उघडी, नजर लांब कुठेतरी. माझा रुबाबच तसा.

गनी एक किस्सा सांगायचा. नागपूर स्टेशनावर या हिरोने म्हणे त्याच्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "फिर मिलेंगे, गनी." किस्सा झकास होता. फक्त झालेला नव्हता. ज्या दिवशी भेट झाली म्हणायचा, त्या दिवशी गनी माझ्यासमोर बसून मोटारीला तांब्याची तार गुंडाळत होता, या डोळ्यांनी बघितलंय मी.

पण बोंडअळीने कपाशी फस्त केली त्या सालांत लोकांना हसायला दुसरं होतं काय? शेतकरी वामनराव रोज दुकानात येऊन बसायचे. "सांग ना गनी, तो हात मिळवल्याचा," म्हणायचे. गनी सांगायचा, दर वेळी थोडं वाढवून.

मग त्याच्या लेकीने, गझालाने, वाढदिवसाची भेट म्हणून पैसे भरून हिरोशी दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल ठरवला. हल्ली तेही मिळतं. सगळी गल्ली दुकानात लोटली. गनीला दरदरून घाम फुटला. हिरो "कौन गनी?" म्हणाला की तीस वर्षांची इज्जत पाण्यात.

फोनवर हिरो आला. अरे देवा, हा मी? टक्कल, बनियन आणि हातात चहात बुडवलेला टोस्ट.

गनीच्या आधीच वामनरावांनी तोंड घातलं. "साहेब, ओयखलं का याले? नागपूर टेसनवर भेटलते तुमी."

टोस्ट चहात पडला. हिरोने क्षणभरही विचार केला नाही. "गनीभाई! नागपूर स्टेशन! आपको कैसे भूल सकता हूँ?"

गल्लीने शिट्ट्या मारल्या. गझाला टाळ्या वाजवत नाचली. गनी मात्र आ वासून कधी फोनकडे, कधी माझ्याकडे बघत राहिला. सगळे चहाला पांगल्यावर तो माझ्यासमोर उभा राहिला आणि पोट धरधरून हसला.

"भाई, तूबी आपल्यासारखाच निघाला," म्हणाला.

इतकी वर्षं माझ्यापुढे अदबीने वागणारा माणूस, पहिल्यांदा मला "तू" म्हणाला. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. रुबाब सांभाळून मीही थकलो होतो.

तेव्हापासून गनीला खरं सांगून टाकायची घाई झालीय. "वामनराव, अल्ला कसम, मी गेलोच नोतो नागपूरले."

"कायले खोटं बोलून राह्यला?" वामनराव हसतात. "त्यानं सोता सांगतलं ना सगळ्यांपुढं."

गझालाही म्हणते, अब्बा उगाच लाजतात.

मी आता कडेने फाटत चाललोय. एकच विनंती आहे. कधी कळंबला आलात तर वामनरावांना एवढं सांगा, की गनी खरं बोलतोय. माझं कोणी ऐकत नाही. आणि ज्याचं ऐकतात, तो पैसे घेतल्याशिवाय बोलत नाही, आणि घेतले की 'नाही' म्हणत नाही.